न मारणारा, पण मोडणारा ताप

पटकी, प्लेग, देवी ही नावे ऐकताच आमच्या वाडवडिलांच्या अंगावर काटा येत असे. कारण हे रोग येत ते घरे ओस पाडून जात. मृत्यू ज्याच्या पाठीशी उभा आहे त्या रोगाची दखल सरकारही घेते आणि समाजही घेतो. परंतु जो रोग मनुष्यास ठार करीत नाही, केवळ त्याच्या हातापायांतले बळ काढून घेतो, त्यास आठपंधरा दिवस अंथरुणास खिळवून पुढे कित्येक महिने निम्म्या कामाचा करून सोडतो, त्या रोगाचे काय? त्याची तिरडी निघत नाही म्हणून बोभाटा होत नाही, आणि बोभाटा होत नाही म्हणून बंदोबस्तही होत नाही. चिकुनगुन्या हा असा रोग आहे. २००६ साली तो मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून फिरून गेला. त्याची आठवण आज आम्ही जाणूनबुजून काढीत आहो. कारण ज्या स्थितीने त्यास वाट करून दिली ती स्थिती नांदेड-लातुराकडील गावांतून व शहरांतून अद्याप हललेली नाही.

ज्यांनी त्या वर्षी साथीतले खेडे पाहिले असेल त्यांस ते चित्र विसरता येणार नाही. सकाळी धडधाकट शेतावर गेलेला मनुष्य दुपारी हुडहुडी भरून घरी परते; रात्रीपर्यंत त्याची मनगटे, घोटे, गुडघे आणि बोटांची पेरे अशी धरत की, पाण्याचा तांब्या उचलवेना व बसले असता उठवेना. चारपाच दिवसांत ताप उतरे, कोणाच्या अंगावर पुरळ उठून मावळे. परंतु अंगातली शक्ती कोणी पिळून काढावी तशी निघून जाई. घरातील एकजण उठतो न उठतो तोच दुसरा पडे. चांगले कर्ते पुरुष कमरेत वाकून, भिंतीचा आधार घेत, म्हाताऱ्यासारखे पावले टाकू लागले. खुरपे धरावयास मूठ वळत नाही, जात्यास हात लागत नाही, शर्टाची गुंडी लावता येत नाही, अशी तक्रार घरोघर ऐकू येऊ लागली.

आणि हे काय आहे, ते कोणासच उमगेना. नेमक्या त्याच सुमारास, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ येऊन त्या भागातील लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. रोगाचे नाव कानी पडताच त्याच्या आरंभीच्या अक्षरांवरून लोकांनी तर्क बांधला की, हा कोंबडी खाल्ल्याने होणारा ताप असावा. कोणी त्यास देवीचा कोप म्हटले, कोणी पाण्यात दोष काढला. जेथे शिकलेला वैद्य नव्हता तेथे सलाईनची बाटली व सुई हाच उपाय होऊन बसला, आणि ज्याच्या घरी रोजचे मीठमिरचीचे पैसे जेमतेम जुळत त्याने उसनवारी करून तो विकत घेतला. खेडुताच्या या अज्ञानास हसावे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. ज्यास खरी माहिती कोणी सांगितली नाही त्याने तर्कावर निर्वाह केला, यात दोष माहिती न पोहोचविणाराचा अधिक आहे.

वास्तविक या नावाचा कोंबडीशी तिळमात्र संबंध नाही. आफ्रिकेतील तेव्हाच्या टांगानिका, म्हणजे आताच्या टांझानिया देशात, १९५२-५३ साली आलेल्या साथीत हा रोग प्रथम ओळखला गेला. तेथील मकोंडे लोकांच्या भाषेतला हा शब्द असून, सांधेदुखीने मनुष्य वाकून जातो, असा त्याचा भाव आहे. म्हणजे डॉक्टरांच्या पुस्तकात हा रोग शिरण्यापूर्वी तेथील शेतकऱ्यांनी आपल्या देहावर जे दिसले त्यावरूनच त्याचे नामकरण केले होते. रोगाचे कारण एक विषाणू होय, आणि तो एका मनुष्यापासून दुसऱ्याकडे नेणारा दूत म्हणजे एडिस जातीचा डास होय. अंगावर व पायांवर पांढरे ठिपके असलेला हा डास दिवसा चावतो. डेंग्यूचा प्रसार करणाराही हाच. रोग्याची भांडी, कपडे किंवा त्याचे उष्टे यांपासून हा रोग लागत नाही. तेव्हा रोग्यास वाळीत टाकण्याचे काहीच कारण नाही. त्याच्या पायथ्याशी पाण्याने भरलेला जो रांजण उघडा आहे, भीती बाळगावयाची ती त्याची.

हा पाहुणा आमच्याकडे पहिल्यानेच आला असे म्हणावे, तर तेही खरे नाही. १९६३ साली कलकत्त्यास, १९६४ साली मद्रासेस आणि १९६५ साली नागपुरास त्याच्या मोठ्या साथी येऊन गेल्या होत्या. त्यानंतर १९७३ साली तो आला तो थेट आमच्या उंबरठ्याशी, बार्शीस. लातूरच्या व्यापाऱ्यांस बार्शी काही परकी नाही. अरुंद रुळांच्या बार्शी लाईट रेल्वेने लातूरचा माल बार्शीवरून कुर्डुवाडीस जात असे आणि दोन्ही पेठांची देवघेव पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या बार्शीत शेकडा साडेसदतीस माणसे या तापाने पडली, असे पुण्याच्या विषाणुसंशोधकांच्या पाहणीत दिसून आले. गावातील दर आठ माणसांमागे तीन! तो काळ १९७२ च्या महादुष्काळाच्या पाठोपाठचा होता. घरोघर मिळेल त्या भांड्यात पाणी साठवून ठेवल्यावाचून लोकांस गत्यंतर नव्हते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल.

बार्शीनंतर बत्तीस वर्षे या रोगाची मोठी साथ देशात आली नाही. तेवढ्या अवधीत आम्ही त्यास पुरते विसरलो. ज्या डॉक्टरांनी तो पाहिला होता ते वृद्ध झाले; नव्यांनी तो पाहिलाच नव्हता; आणि ज्या मुलांस तो कधी झाला नव्हता त्यांची एक सबंध पिढी त्यास बळी पडण्याजोगी तयार झाली. सूचना मिळाली नव्हती असेही नाही. २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे धरलेल्या डासांत आफ्रिकी वंशाचा चिकुनगुन्या विषाणू सापडला होता. बार्शीच्या साथीतला विषाणू आशियाई वंशाचा. हा त्याहून निराळा. पुढे २००५ च्या अखेरीस आंध्रप्रदेश व कर्नाटकाकडून जी साथ उसळली ती याच आफ्रिकी वंशाची होती. बिदर, गुलबर्ग्याचा शेजार आणि तेलंगणाशी रोजचे दळणवळण असलेल्या मराठवाड्यात ती शिरावयास वेळ लागला नाही. २००६ या एका वर्षात देशभर सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी साडेसात लाखांहून अधिक एकट्या कर्नाटकात, आणि अडीच लाखांहून अधिक आमच्या महाराष्ट्रात होते.

आता या आकड्यांकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पहा. १३ लाख ९० हजार संशयित. परंतु रक्त तपासून निश्चित ठरविलेले रुग्ण देशात केवळ सुमारे २ हजार. जे दवाखान्यात गेलेच नाहीत, ज्यांनी गावातच गोळी घेऊन दिवस काढले, त्यांची गणती कोणत्याच वहीत नाही. मृत्यूच्या रकान्यात तर सरकारी हिशेबी शून्य! तथापि अहमदाबाद शहरातील मृत्यूंच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६ या साथीच्या चार महिन्यांत तेथे अपेक्षेपेक्षा २,९४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळून आले. हे सर्व मृत्यू याच रोगाने झाले, असे आम्ही म्हणत नाही; परंतु एका शहराच्या स्मशानात जी वाढ दिसते ती देशाच्या वहीत शून्य म्हणून मांडली जावी, हा हिशेब कोणत्या दुकानात चालेल?

दुसऱ्या एका अभ्यासाने त्या साथीत देशाची निरोगी आयुष्याची २५,५८८ वर्षे वाया गेली, असा अंदाज काढला. त्यांतील शेकडा ६९ हिस्सा तापाचा नसून, ताप गेल्यावर मागे रेंगाळणाऱ्या सांधेदुखीचा होता. बुडालेल्या कमाईचा आकडा किमान ३९ कोटी रुपये निघाला. औषधपाण्याचा खर्च आणि सावकाराचे व्याज वेगळेच. आमच्या मते या सर्व प्रकरणाचे मर्म येथे आहे. सरकारी यंत्रणा ताप मोजते. परंतु गरिबाचे नुकसान होते ते ताप उतरल्यानंतर.

ते कसे होते ते पहा. साथीचा जोर पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ असतो. म्हणजे निंदणीपासून सोयाबीनच्या काढणीपर्यंतचा जो काळ मजुराच्या कमाईचा, तोच त्याच्या अंथरुणाचा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता मानला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. मजुरी टनावर मिळते आणि खाडा झाला तर तो अंगावर पडतो. ज्याच्या मनगटात कोयता पेलण्याचे बळ राहिले नाही त्याने ही उचल कशी फेडावी? रोजगार हमीच्या कामावरही मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरत आली आहे. तेथे अशक्त मनुष्य दिवसभर राबूनही निम्म्या दामाचा धनी होतो. त्याचा ताप उतरलेला असल्यामुळे त्यास कोणी आजारी म्हणत नाही. मालक त्यास कामचुकार म्हणतो, शेजारी त्यास आळशी म्हणतात, आणि काही दिवसांनी तो स्वतःही आपल्या पुरुषार्थाविषयी साशंक होतो. अंगमेहनत हेच ज्याचे एकमेव भांडवल, त्याच्या भांडवलावर हा रोग दरोडा घालतो. आणि चोरीची फिर्याद मात्र कोठेच नोंदविली जात नाही.

घरातील स्त्रीची स्थिती याहून वाईट. पुरुषाची मजुरी बुडाली, तर निदान रुपयांत तिचे मोल सांगता येते. परंतु पाणी भरणे, दळणकांडण, भाकरी, धुणे, गुरांचे शेण, लेकरांची निगा ही कामे कोणत्या हजेरीपटावर लिहिलेली असतात? बोटे वळत नसता तिने भाकरी थापली, गुडघा वाकत नसता ती पाण्याचा हंडा घेऊन आली, याची किंमत वरच्या ३९ कोटींत नाही. आणि ज्या डासाने तिला पाडले तो डास ज्या पाण्यात जन्मला, ते पाणीही बहुधा तिनेच मैलभरावरून आणून साठविलेले होते.

येथे आम्ही मूळ कारणाशी येऊन पोहोचलो. एडिस डास गटारातल्या घाण पाण्यात सहसा वाढत नाही. त्यास स्वच्छ, साचलेले पाणी लागते. रांजण, माठ, हौद, सिमेंटची टाकी, पिंप, कूलर, टाकून दिलेला टायर, अंगणातील करवंटी ही त्याची जन्मस्थाने होत. पाण्याच्या काठाशी भांड्याच्या आतील अंगास तो अंडी चिकटवितो; आठदहा दिवसांत त्यांचे डास होऊन उडतात. पाणी आटले तरी अंडी मरत नाहीत, ती महिनेन्‌महिने कोरडी तग धरून राहतात व पुन्हा पाणी पडताच जागी होतात. याचा अर्थ असा की, जेथे नळास रोज पाणी येते तेथे साठवण कमी व डासही कमी. आणि जेथे पाणी चारचार, आठआठ दिवसांआड येते तेथे प्रत्येक घर म्हणजे डासांची पेढीच होते.

मराठवाड्याच्या बाबतीत हे निराळे सांगावयास नको. लातूर शहराने २०१६ सालचा उन्हाळा कसा काढला तो इतिहास ताजा आहे. मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या जागी दंगे होऊ नयेत म्हणून जमावबंदी पुकारावी लागली. आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने ५ लाख लिटर आणि पुढे ५० वाघिणींच्या गाडीने एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी आले. ज्या मार्गाने एके काळी लातूरची डाळ व गूळ बाहेर जात असे, त्याच मार्गाने, बार्शीवरून, शहराची तहान भागविणारे पाणी आत आले. अशा शहरातील गृहिणीने मिळालेल्या पाण्याचा थेंबन्‌थेंब साठविला, तर तिला दोष कोण देईल? तात्पर्य, पाण्याचा दुष्काळ आणि डासांचा सुकाळ या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. आमच्या प्रांतात त्या हातात हात घालून चालतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, लोकच आळशी. झाकण ठेवणे व आठवड्यातून एकदा भांडे घासणे यास काय पैसा पडतो? आक्षेपात तथ्य आहे आणि पुढे आम्ही त्याचा उपयोगही करणार आहो. परंतु पुढले पाणी कधी येईल याचा भरवसा नसता भरलेला हौद ओतून कोरडा करा, असे सांगणे म्हणजे भुकेल्यास शिळी भाकरी फेकून दे म्हणून सांगण्यासारखे आहे. पाण्याची वेळ जेथे निश्चित, तेथेच हा उपदेश शोभतो. दुसरा आक्षेप असा की, क्षय, हृदयविकार यांसारखे प्राणघातक रोग समोर असता या सांधेदुखीसाठी पैसा का खर्चावा? त्यास आमचे उत्तर असे की, या डासाविरुद्ध केलेला खर्च डेंग्यूविरुद्धही केलेला असतो, आणि डेंग्यू प्राण घेतो. शिवाय जो समाज केवळ प्रेतेच मोजतो, त्याच्या हिशेबात जिवंत गरिबाच्या हालांस जागा उरत नाही.

हे काम अशक्य आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी नारूची आठवण करावी. पायाच्या कातडीतून सुतासारखा जंत बाहेर येई, तो काडीवर गुंडाळीत माणसे आठवडेच्या आठवडे पडून राहत, आणि ऐन पेरणीच्या दिवसांत घरचा बैल-नांगर दावणीस उभा राहत असे. हाही रोग बहुधा मारीत नसे, मोडीत असे. आणि त्याचेही मूळ पाण्यातच होते. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी पाय बुडवून पाणी भरी, त्याच पाण्यातील सूक्ष्म जीवांतून जंताचे बीज दुसऱ्याच्या पोटात जाई. नारूवर औषध सापडले नाही, लसही नाही. १९८३ पासून देशाने पायऱ्यांच्या विहिरींच्या आडविहिरी केल्या, हातपंप बसविले, पाणी कापडाने गाळून पिण्यास घरोघर शिकविले, आणि रुग्ण शोधून शोधून नोंदविला. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला व फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. हा विजय विहीर बांधणाऱ्या गवंड्याचा, गाळणीचे फडके धरणाऱ्या गृहिणीचा आणि वही घेऊन फिरणाऱ्या आरोग्यसेवकाचा आहे. जे नारूच्या बाबतीत साधले, त्यातील मार्ग येथेही तोच आहे.

चिकुनगुन्या झाल्यावर विषाणू मारणारे औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी, तापासाठी पॅरासिटामॉलची साधी गोळी आणि वेळ हाच उपचार. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिनसारखी औषधे घेणे धोक्याचे असते. तेव्हा प्रतिबंध हाच खरा उपाय मानून आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट नोंदीची. ताप व सांधेदुखी यांचे रुग्ण एका गल्लीत दोनचार आढळताच ते आरोग्यखात्यास कळविले जावेत, रक्त तपासले जावे आणि जो निकाल येईल तो गावच्या चावडीवर स्वच्छ मराठीत लावला जावा. त्यासोबत, ताप उतरल्यानंतर किती दिवस काम बुडाले, हाही रकाना वहीत असावा. त्यात मजुरीच्या कामाबरोबर घरकामही धरले जावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. रोज पाणी देणे जेथे आज शक्य नाही, तेथे निदान वार व वेळ ठरलेली असावी आणि ती पाळली जावी. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी भांडी घासून कोरडी ठेवणे मग प्रत्येकास शक्य होईल. ज्या मोठ्या टाक्या रिकाम्या करता येत नाहीत त्यांवर घट्ट झाकण बसविण्यास नगरपालिकेने गरिबास साहाय्य करावे, अगर त्यांत गप्पी मासे सोडावेत. साथ उसळल्यावर धुराचे यंत्र फिरविणे डोळ्यांस दिसते खरे. परंतु अंडी रांजणात सुरक्षित असता केवळ धुराने काय होणार?

तिसरी गोष्ट आमच्या वाचकांची स्वतःची. आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळण्याचा उपदेश खेड्यास करण्यापूर्वी आपली पेठ पहावी. गोदामामागे पडलेले टायर, ताडपत्रीच्या घडीत साचलेले पाणी, दुकानाच्या गच्चीवरील उघडे पिंप, बंद ठेवलेला कूलर यांत जे डास होतात ते प्रथम आपल्याच हमालास व मुनिमास चावतात. बाजार बंद असण्याच्या दिवशी एक घटका या कामी खर्च केली, तर त्यास फारसे मोल पडणार नाही.

चौथी गोष्ट न्यायाची. साथीत सापडलेल्या मजुरास काही महिने हलके काम मिळावे, मापाच्या मजुरीत सूट मिळावी, आणि उचलीच्या वसुलीस मुदत मिळावी. कारखानदार, मुकादम व सरकार या तिघांनी मनावर घेतल्यास हे कठीण नाही. जो माणूस वाकून चालतो आहे त्यास आळशी म्हणण्याचे तरी निदान सोडून द्यावे. त्यास खर्च काहीच नाही.

बार्शीस आम्ही बत्तीस वर्षांत विसरलो आणि त्या विस्मृतीची किंमत २००६ साली खेड्यांनी भरली. आता २००६ लाही वीस वर्षे होत आली. त्या वर्षी जन्मलेली मुले आज कामाच्या वयास आली आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या रक्तात या रोगाशी झुंजण्याची ओळख नाही. पुढील साथ केव्हा येईल ते सांगता येत नसले, तरी ती कोणत्या भांड्यातून येईल ते आम्हांस ठाऊक आहे. त्या भांड्यावर झाकण घालणे हे घराचे काम होय, त्यात वेळेवर पाणी घालणे हे नगरपालिकेचे. आणि दोघांनीही आपापले काम केले की नाही, हे विचारणे प्रत्येक नागरिकाचे.